जिवंत भावाचा बाप्तिस्मा

इफ्रेम, यूटा
१४ ऑक्टोबर १९९६

प्रिय ओडलाउग वहिनी,

तुम्ही मला पाहिलेलं नाही. मी आनफिन, तोरगाइरचा धाकटा भाऊ, अमेरिकेला निघून गेलेला. तुमच्या लग्नाच्या आधीच मी इकडे आलो. शाळेत फार शिकलो नाही आणि आपल्या नॉर्वेजियन भाषेत लिहून बरीच वर्षं झाली, तेव्हा चुका पोटात घाला. हे पत्र पाठवावं की नाही याचाही मी पुष्कळ विचार केला. अजूनही करतो आहे.

माझी नात केलीन सध्या आमच्या पंथाच्या प्रचारसेवेसाठी तुमच्याच बाजूला आली आहे. सोमवारी प्रचारसेवेतल्या मुलींना सुट्टी असते. गेल्या महिन्यात ती सुट्टीच्या दिवशी बोटीने तुमच्या गावी गेली, चर्चच्या आवारात हिंडली आणि एका थडग्याचा फोटो काढून तिने मला पाठवला. दगडावर लिहिलं होतं, तोरगाइर नेसहाइम, १९१९–१९९५. मी बराच वेळ तो फोटो हातात धरून बसलो. आईच्या मरणानंतर आमचं बिनसलं, पत्रं थांबली, हे तुम्हाला ठाऊकच असेल. तरी असं कळेल असं वाटलं नव्हतं.

आता तुम्हाला दिलासा वाटावा म्हणून एक सांगतो. रागावू नका. आम्ही मॉर्मन लोक असं मानतो, की जो आमचा बाप्तिस्मा न घेता गेला, त्याच्यासाठी जवळच्या माणसाने त्याच्या नावाने पाण्यात उतरावं. पुढे तो स्वीकारायचा की नाही हे ज्याचं त्याने तिकडे ठरवायचं. परवा मी टेकडीवरच्या मंदिरात गेलो. दगडी बैलांच्या पाठीवर मोठं कुंड आहे, त्यात पांढरे कपडे घालून तोरगाइरच्या जागी उभा राहिलो. हे काम बहुतेक तरुण मुलं करतात. माझे गुडघे दुखतात, म्हणून मी कठडा धरून पायऱ्या उतरलो. पहिल्या वेळी माझं कोपर पाण्याबाहेर राहिलं. सगळं अंग बुडावं लागतं, म्हणून साक्षीला उभ्या असलेल्या गृहस्थांनी नकारार्थी मान हलवली आणि मला पुन्हा बुडवलं. म्हणजे तोरगाइरसाठी काहीही अर्धवट राहिलेलं नाही.

तुम्हाला हे आवडलं नसेल तर तसं कळवा. आवडलं असेल तरी कळवा. मला काळजी लागून राहील.

तुमचा दीर,
आनफिन


नेसहाइम
२ नोव्हेंबर १९९६

आनफिन,

मेलेल्या माणसाचा नमस्कार.

ओडलाउगला जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या नावाचं पत्र मी मासे साफ करायच्या सुरीने फोडलं, त्यामुळे तुझ्या कागदाला वास लागला. आधी मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग फोटोचं वाचलं आणि खुर्चीत बसून इतका हसलो, की कुत्रं उठून बाहेर गेलं.

अरे शहाण्या, तो दगड वरच्या घरच्या तोरगाइरचा आहे. आपल्या काकाचा थोरला. आजोबांचं नाव त्यालाही ठेवलं आणि मलाही, जन्मही एकाच हिवाळ्यातला, हे तू विसरलास? तुला लहानपणी त्याने गोठ्यात कोंडलं होतं, तोच तो. नाताळातसुद्धा चर्चची पायरी चढला नाही, आणि आता अगदी दाराजवळ पुरलाय.

तेव्हा मला सांग, तो बाप्तिस्मा नेमका कोणाला लागला? मला लागला असेल तर मला काहीच जाणवलं नाही. आंघोळ शनिवारची शनिवारीच केली. त्याला लागला असेल तर तिकडे गोंधळ उडाला असेल, कारण तो बाटली घेऊनच गेलाय. आणि दोनदा? एकदा बुडवून भागलं नाही?

मी ठणठणीत आहे. फेरीबोटीच्या इंजिनाशी चाळीस वर्षं काढली त्याने कान गेले, बाकी सगळं जागेवर आहे.

तोरगाइर
(खालच्या घरचा)


इफ्रेम, यूटा
१९ नोव्हेंबर १९९६

प्रिय तोरगाइर,

तुझं पत्र मी पेटीपाशी उभ्यानेच उघडलं आणि तिथेच बर्फात बसलो. शेजारीण धावत आली. तिला वाटलं, कोणी गेलं. मी म्हणालो, "नाही हो, परत आलाय." तिने मला घरात नेऊन सूप पाजलं आणि डॉक्टरला फोन करायला निघाली.

तू जिवंत आहेस याचा मला किती आनंद झाला ते मला नीट लिहिता येत नाही. पण त्याच क्षणी दुसरंही ध्यानात आलं. जिवंत माणसाचं नाव मी मंदिरात दिलं! आमच्याकडे याहून मोठी चूक कोणी केलेली मी ऐकली नाही. रात्रभर तळमळलो आणि सकाळीच बिशप ऑलरेडकडे गेलो. आमच्यात बिशप म्हणजे पगारी पाद्री नव्हे. ऑलरेड आठवडाभर शाळेची बस चालवतात. बस धूत होते.

"ब्रदर नेसहाइम," ते म्हणाले, "भाऊ जिवंत आहे ही तर आनंदाची गोष्ट."

"आहे हो. पण मी त्याला बुडवलाय."

"मग ते धरायचं नाही. जिवंत माणूस स्वतःच्या पायांनी पाण्यात उतरतो."

"तो? तो जन्मात उतरायचा नाही!"

त्यावर ते इतके हसले की हातातला पाण्याचा पाइप माझ्या बुटांवर आला. मग म्हणाले, की ही नोंद रद्द करायला सांगू. पुढे कधी वेळ आलीच, तर मृत्यूनंतर एक वर्ष थांबून ते काम रीतसर करता येतं, पण जवळच्या माणसाची संमती हवी. आणि भाऊ हयात आहे तर संमती त्यालाच विचारा की.

म्हणून विचारतो, तोरगाइर. तू गेल्यावर (देव करो आणि मीच आधी जावो, पण मग हे काम कोण करणार, हीही काळजी आहेच) तुझ्या नावाने मी किंवा माझ्या मुलांनी पाण्यात उतरावं का?

का विचारतो तेही सांगतो. माझी वर्ला चार वर्षांपूर्वी गेली. आमचं लग्न मंदिरात कायमचं बांधलेलं आहे, मरणानंतरही. मुलं आमच्याशी बांधलेली आहेत, मी आईबाबांशी. माझ्या डोळ्यांसमोर ती सगळी एका लांब टेबलाशी बसलेली दिसतात. फक्त तुझी खुर्ची रिकामी आहे. ते मला सहन होत नाही.

हो की नाही, एवढंच लिही. 'नाही' असं लिहायचं असेल तर हळू लिही.

तुझा
आनफिन


नेसहाइम
८ डिसेंबर १९९६

आनफिन,

तू विचारलंस म्हणून सरळ सांगतो.

आई रविवारच्या रविवार पावसावाऱ्यात वल्हं मारत खाडीपलीकडच्या चर्चला जायची. तिथेच तिचं लग्न झालं, तिथेच तिला पुरलं. मी स्वतः माती लोटली. आणि दोन वर्षांनी तुझं पत्र आलं, की आईचं काम मंदिरात उरकलं. मेंढी विकली असं कळवावं तसं. तिला विचारलं नव्हतंस. मलाही नाही. मी बाबांना ते पत्र वाचून दाखवलं, कारण त्यांना तेव्हा दिसत नव्हतं. ते ऐकून झाल्यावर बाबा उठून गोठ्यात गेले आणि जेवायच्या वेळेपर्यंत आले नाहीत. त्यानंतर मी तुला पत्र लिहिलं नाही.

या वेळी आधी विचारलंस. सुधारलास म्हणायचा. पण अशी गोष्ट कागदावर विचारत नाहीत. पत्राला हो म्हणणं सोपं असतं, नाही म्हणणं त्याहून सोपं. तुला माझ्या आत्म्याचं काय करायचं ते करायचं असेल, तर इथे ये, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी माझ्यासमोर बस आणि तोंडाने विचार. तुझं तोंड कसं दिसतं तेही मी विसरलोय.

तोवर उत्तर नाही असंच आहे. हळूच लिहिलंय.

तोरगाइर


इफ्रेम, यूटा
६ जानेवारी १९९७

प्रिय तोरगाइर,

बाबांचं मला माहीत नव्हतं. ते वाचल्यापासून मला ते गोठ्याकडे जाताना दिसतात.

आईला मी तिच्या चर्चमधून काढून नेलं असं तुला वाटतं. मी तसं करूच शकत नाही. आमच्या शिकवणीत तिला नाही म्हणायची मुभा आहे. मी फक्त दार उघडून ठेवलं. ती आत आली की नाही हे मलासुद्धा माहीत नाही. कधीकधी वाटतं, ती दारात उभी राहून म्हणत असेल, आनफिन, पाय पुसलेस का?

येण्याचं म्हणशील तर कसं येऊ? मी विमानात कधी बसलेलो नाही, आलो तो जहाजाने. खुबा दुखतो. थंडीत घर रिकामं सोडलं तर नळ फुटतील. शिवाय आमच्यात प्रत्येकाकडे काही घरं सोपवलेली असतात, महिन्यातून एकदा जाऊन विचारपूस करायची. माझ्याकडे दोन विधवा आहेत, त्यातली एक मी गेलो नाही तर औषध घेत नाही. आणि विमानतळावर चुकलो तर मला कोण शोधणार? टर्की पक्ष्यांच्या कारखान्यात जन्म गेला माझा, मला त्यातलं काही कळत नाही.

केलीनला सगळं कळवलं. फोटोच्या घोटाळ्याने ती फार ओशाळली आहे आणि समक्ष माफी मागायला येणार आहे. तिच्यासोबत दुसरी मुलगी असेल, त्यांना एकटं फिरायची परवानगी नसते. तिच्यावर ओरडू नकोस. ती रडेल आणि मला कळवणारही नाही. आणि कॉफी देऊ नकोस. आम्ही पीत नाही.

तुझा
आनफिन


नेसहाइम
१६ फेब्रुवारी १९९७

आनफिन,

तुझ्या पोरी आल्या. छातीवर नावाच्या काळ्या पट्ट्या, पायात या बर्फाला न शोभणारे बूट. मी अंगणात लाकडं फोडत होतो. तुझी नात फाटकातून ओरडली, "आजोबा, तुम्ही जिवंत आहात!"

"दिसतंय खरं," मी म्हणालो. "पुन्हा फोटो काढणार का?"

ती रडायच्या बेतात आली. म्हणून मी घाईने म्हणालो, की आत या, वॉफल करतो. दुसरी मुलगी धिप्पाड आहे, टोंगा बेटावरच्या माणसांची, तुमच्याच सॉल्ट लेकमध्ये वाढलेली. तिने माझ्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि उरलेली लाकडं फोडून टाकली. इंजिनावर असली पोरगी मिळाली असती तर मी दहा वर्षं आधी निवृत्त झालो असतो.

कॉफी घेतली नाही. गरम दूध घेतलं. मी विचारलं, "नॉर्वेत येऊन कॉफी नको म्हणता, तुम्हाला दारात कोण उभं करतं?"

केलीन म्हणाली, "फार कोणी नाही. बहुतेक जण दार उघडतात, पट्टी बघतात आणि म्हणतात, चुलीवर भांडं ठेवलंय."

"इतकी भांडी एकदम?"

"अख्ख्या गावात, आजोबा. रोज."

मला ती आवडली. बोलते छापील पुस्तकासारखी, पण हसताना मान आईसारखी कलती करते. तुझ्या बाप्तिस्म्याबद्दल विचारत होत्या. सांगितलं, एप्रिल महिना, खाडीचं पाणी, दोन अमेरिकन पोरं आणि मधे तू. मी नावेच्या शेडमधून पाहत होतो. बाहेर आलास तेव्हा निळा पडला होतास आणि हसत होतास. इतक्या गार पाण्यातून हसत येणारा माणूस आता घरी राहणार नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

जाताना प्रार्थना करू का म्हणाल्या. मी म्हटलं, थोडक्यात. थोडक्यात केली. माझ्या खोकल्याचं नाव घेतलं त्यात. थंडीचा खोकला आहे, त्यात देवाला घालायचं काय कारण? आता दर सोमवारी येतात. मी नको म्हणत नाही.

तोरगाइर


इफ्रेम, यूटा
३ मार्च १९९७

प्रिय तोरगाइर,

तुझं पत्र वाचून मी गुडघ्यावर बसलो, गुडघे तसे असूनही. तू त्यांच्याबरोबर प्रार्थनेला बसलास! मला वाटतच होतं. तुझं मन वळतं आहे हे तुझं तुला कळत नसेल, पण लांबून मला दिसतं.

काल महिन्याचा पहिला रविवार, आमच्या उपासाचा. त्या दिवशी ज्याला वाटेल तो उठून आपली श्रद्धा बोलून दाखवतो. मी कधी उठत नाही, मला घाम फुटतो. काल उठलो. भाऊ मेला म्हणून त्याला बुडवला, तो जिवंत निघाला आणि आता देव त्याला हाताला धरून आणतो आहे, असं बोललो. सगळी हसली आणि मग रडली. तुझं नाव मी मंदिरातल्या प्रार्थनेच्या यादीतही दिलं आहे. आपल्या भाषेतलं आमचं पुस्तक वेगळ्या पाकिटातून पाठवतो. पहिल्या पानापासून वाच, मधूनच उघडलंस तर लढायाच लढाया लागतील.

केलीनला सांग की रीतसर धडे घ्यायचे आहेत. तू स्वतःच पाण्यात उतरलास तर संमतीचा प्रश्नच मिटला! यायचीही गरज उरणार नाही.

खोकल्याला कांद्याचा रस आणि मध.

तुझा आनंदात असलेला
आनफिन


इफ्रेम, यूटा
२८ एप्रिल १९९७

प्रिय तोरगाइर,

पुस्तक मिळालं का? पत्र नाही. आधी वाटलं टपाल अडलं. मग वाटलं तू रागावलास. माझं ते पत्र आठवून आठवून पाहतो आहे. त्यात मी फार घाई केली. तू वॉफल केलेस आणि मी तुला थेट कुंडापर्यंत नेऊन उभं केलं. तू माझ्या मुलीच्या मुलीशी चांगला वागलास, एवढंच तर तू लिहिलं होतंस. पुस्तक चुलीत घातलंस तरी चालेल.

केलीनला विचारलं तर तिने एवढंच लिहिलं, "आजोबा आज बरे आहेत." ती इतकं कमी कधीच लिहीत नाही. एरवी जेवणात काय होतं ते दोन पानं. तू तिला काही सांगू नको म्हटलं आहेस का? तसं असेल तर मला सांग. नाही सांगितलंस तर मी इथे काहीबाही कल्पना करत बसतो आणि त्या खऱ्यापेक्षा वाईट असतात.

आनफिन


नेसहाइम
१७ मे १९९७

आनफिन,

आज राष्ट्रीय दिन. मुलांची मिरवणूक दारावरून गेली, खिडकीतून पाहिली. चर्चपर्यंत जाववलं नाही.

तुझी या वेळची कल्पना बरोबर होती. खोकला थंडीचा नाही. फुप्फुसाचं आहे. एप्रिलभर हाउगेसुनच्या इस्पितळात होतो, आता घरी सोडलंय. डॉक्टरीण तरुण आहे, तिला सांगवत नव्हतं, मीच विचारून घेतलं. पानं गळेपर्यंत, असं म्हणाली. बर्च की ओक, ते विचारायचं राहिलं.

केलीनला मीच गप्प केलं. ती म्हणाली, मला खोटं लिहिता येत नाही. मग दोघांनी मिळून ठरवलं, ज्या दिवशी खरोखर बरा असेन त्याच दिवशी तिने लिहायचं. धडे मी घेतले नाहीत आणि तिने दिले नाहीत. एकदा मी विचारलं, "तू मला वळवत का नाहीस? त्यासाठीच आलीस ना?" ती भांडी विसळत होती. म्हणाली, "तुम्ही विचारलंत तर सांगेन. नाहीतर मला तुमच्याकडे सोमवारी सुट्टी आहे." टोंगावाली पोरगी मला उचलून खुर्चीत ठेवते, इंजिनाचा सुटा भाग ठेवावा तसं.

पुस्तक चुलीत घातलेलं नाही. लढायांपर्यंत पोचलो. विश्वास बसला नाही. बसेल असं वाटतही नाही. मी आईच्या शेजारी जाणार, पाद्रीशी बोलणं झालंय.

पण तू विचारलंस त्याचं उत्तर बदलतो. हे तुझ्या बसवाल्या बिशपला दाखव. मी, तोरगाइर नेसहाइम, खालच्या घरचा, डोकं शाबूत असताना सांगतो, की मी मेल्यावर वर्षाने माझ्या भावाने माझ्या नावाने पाण्यात उतरायला माझी हरकत नाही. तिकडे नाही म्हणायची मुभा असते असं तूच लिहिलंस. बहुधा मी नाहीच म्हणेन. पण म्हणायला तुझ्या त्या लांब टेबलापर्यंत यावं लागेल ना? तेवढं येईन. उभ्याउभ्या का होईना, सगळ्यांना बघेन.

तू इथे आल्याशिवाय हो म्हणणार नाही असं मी लिहिलं होतं. ती अट काढतो. तुला विमानाची भीती वाटते, खुबा दुखतो, त्या बाईला औषध द्यायचं असतं. आता तुला यायचं काही कारण उरलं नाही. तुझं काम झालं.

तोरगाइर


इफ्रेम, यूटा
२ जून १९९७

प्रिय तोरगाइर,

तुझं पत्र घेऊन मी बिशप ऑलरेडकडे गेलो. शाळा सुटलेली, बस रिकामी होती, ते आत झाडत होते. मी पायरीवर चढलो आणि पत्र खिशातून काढलं नाही.

"ब्रदर नेसहाइम, भावाचं काही आलं का? संमतीचं?"

"आलं. ते राहू दे," मी म्हणालो. "विमानाचं तिकीट कसं काढतात ते सांगा."

 मग झाडू टाकून मला त्याच बसमधून गावात घेऊन गेले. एवढ्या मोठ्या बसमध्ये मी एकटा, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. तिकीट झालं. नळांचं बघायला शेजारीण आहे, आणि उन्हाळ्यात नळ फुटत नाहीत हे तिनेच मला सांगितलं. औषधवाल्या बाईला मी म्हटलं, मी नसताना कोण आठवण करणार? ती म्हणाली, "ब्रदर, तुम्ही येता म्हणून मी ते थांबवून ठेवते. तुमचं तोंड बघायला. जा तुम्ही, घेईन मी." म्हणजे मी इतकी वर्षं उगाच घाबरत होतो. तरी विमानाची भीती आहेच. तीन ठिकाणी बदलायचं आहे. बिशपांनी एका पुठ्ठ्यावर सगळं लिहून माझ्या गळ्यात अडकवायचं ठरवलंय, शाळेतल्या मुलांना अडकवतात तसं.

एकोणीस जूनला दुपारच्या बोटीने उतरेन. धक्क्यावर येऊ नकोस, तुला दम लागेल. केलीनलाही पाठवू नकोस, तो गुरुवार आहे, तिला सुट्टी नसते. चालत येईन, खुबा दुखला तर बसत बसत. घरी आलो की टेबलाशी तुझ्यासमोर बसेन. तू तुझी कॉफी घे. मी दूध घेईन.

तू लिहिलंस की मला यायचं काही कारण उरलं नाही. खरं आहे. ते पत्र मी आमच्या धर्मग्रंथात ठेवलंय आणि घरीच ठेवून येतोय. या खेपेला तुझ्याकडे मला काहीही मागायचं नाही.

तुझा भाऊ
आनफिन